नुसता गोंगाट ऐकू येतो, गाणं कुठं आहे?

प्रश्न थोडक्यात असा. कोल्हापुरात राजारामपुरीत खोली घेऊन राहणारा, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाचा मुलगा. मित्राने त्याला प्रयोगशील अंडरग्राउंड ब्लॅक मेटलच्या, म्हणजे भरधाव, खरखरीत गिटारच्या आणि किंचाळत्या आवाजाच्या रॉक संगीताच्या, चाळीस अल्बमची यादी दिली. तीन आठवडे हा ती यादी केएमटीच्या बसमध्ये बसून, कानात इअरबड घालून, ओळीने संपवतोय. हाती काय आलं, तर डोकेदुखी. लहानपणी चार वर्षं तबला शिकलाय, म्हणजे कान अगदीच कोरा नाही. तो विचारतो, "मला यात गाणं ऐकूच येत नाही, नुसता गोंगाट येतो. माझ्यातच काही कमी आहे का? सुरुवात कुठून करू? हेडफोन बदलू का? आणि आई म्हणते ही सैतानाची गाणी आहेत, तिला काय सांगू?"

वयाने बराच लहान आहेस म्हणून अरे-तुरे करतो, राग मानू नकोस. मी चोवीस वर्षं साउंडचं काम करतो. नाटकं, ऑर्केस्ट्रा, भजनी मंडळं, शाळांची गॅदरिंग, आणि पोटासाठी काही वर्षं गणपतीतली डॉल्बीसुद्धा. शिवाजी उद्यमनगरात एका लेथच्या शॉपच्या माडीवर माझी रेकॉर्डिंगची छोटी खोली आहे. हे संगीत २००३ पासून ऐकतोय. आमच्या घरात त्याला अजूनही मान नाही. मी स्पीकरवर काही लावलं की बायको आतून विचारते, "लावली का गिरणी?"

आता तुझ्या प्रश्नाकडे. 'मला समजत का नाही' असा तू तो मांडलास, पण मला त्यात दुसरंच दिसतं. तीन आठवड्यांत चाळीस अल्बम म्हणजे रोज जवळजवळ दोन. तेही बसमध्ये, स्टॉप चुकू नये म्हणून एक डोळा बाहेर ठेवून. याला ऐकणं म्हणत नाहीत, ही हजेरी झाली. दुसरं असं की नेहमीच्या गाण्यात आपण जिथं कान ठेवतो, म्हणजे गायकाच्या आवाजावर आणि तालावर, तिथंच तू इथंही ठेवतोयस. या संगीतात त्या दोन जागांवर मुद्दाम काही ठेवलेलं नसतं. माल दुसऱ्या खोलीत आहे, आणि तू रिकाम्या खोलीत उभा राहून म्हणतोयस की दुकान रिकामं आहे.

हेही आधीच सांगतो की सगळं माझ्या हातात नाही आणि तुझ्याही नाही. थंड, उदास, लांबण लावणारं संगीत मुळातच नकोसं वाटणारी चांगली रसिक माणसं मी पाहिलीत. कोणत्या वेळी, कोणत्या मनःस्थितीत ऐकतोस यावर बरंच अवलंबून आहे. आणि मित्राच्या यादीतले काही अल्बम खरोखरच टाकाऊ असतील, कारण अंडरग्राउंड म्हणजे आपोआप चांगलं असं काही नसतं. तेव्हा सगळं करूनही नाही आवडलं, तर नाही आवडलं.

आधी डोकेदुखी, कारण ती खरी आहे आणि तिचा समज-नासमजशी काही संबंध नाही.

कोल्हापूरच्या माणसाला मोठा आवाज नवा नाही. हलगी कानाशी कडाडली तरी आपण नाचतो. पण हलगीच्या दोन थापांमध्ये मोकळी जागा असते. थाप पडते, विरते, तेवढ्यात कानाला दम मिळतो. ब्लॅक मेटलचा गिटारवाला तीच तार वर-खाली इतक्या वेगाने छेडतो की दोन आघातांमधली फट बुजून जाते. याला ट्रेमोलो पिकिंग म्हणतात. त्यावर डिस्टॉर्शन, म्हणजे आवाजाचे शेंडे छाटून सगळं एका पातळीला आणणं. त्यावर अखंड झांजा. मिक्सरच्या मीटरवर हलगीचा काटा उडतो आणि पडतो, याचा काटा एकदा वर गेला की तिथंच चिकटून बसतो. शिवाय यातला बराचसा जोर दोन ते पाच हजार हर्ट्झच्या पट्ट्यात असतो, आणि माणसाचा कान नेमका तिथंच सगळ्यात तिखट असतो. त्यात तू बसमध्ये. इंजिनच्या घरघरीवर मात करायला आवाज वाढवतोस, घरघर असते खालच्या स्वरांत आणि तू वाढवतोस ते सगळंच. डोकं दुखणार नाही तर काय होईल?

कामगारांच्या आरोग्यासाठी काम करणाऱ्या अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेची शिफारस लक्षात ठेव. ८५ डेसिबलला दिवसाचे आठ तास, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, असं करत १०० ला फक्त पंधरा मिनिटं. माझ्या डाव्या कानात कायम एक बारीक शिट्टी वाजते. ती ब्लॅक मेटलने दिलेली नाही. एका मंडळाच्या मिरवणुकीत रात्रभर बेसच्या भिंतीला खेटून उभा होतो, त्याची ती पावती आहे. शांत रात्री अजून ऐकू येते.

म्हणून माझा पहिला सल्ला उलटा वाटेल: आवाज कमी कर. खोलीतला दुसरा माणूस बोलला तर त्याचं बोलणं कळावं, इतका कमी. यामागे कान वाचवण्यापलीकडेही एक कारण आहे. आवाज कमी केला की खालचे स्वर कानाला जास्त प्रमाणात कमी ऐकू येतात. बास ड्रमची धडधड मागे सरकते आणि मधल्या पट्टीतली गिटार पुढे येते. चाल असते ती गिटारमध्येच. मोठ्या आवाजात जी भिंत वाटते, ती हळू आवाजात जाळीसारखी दिसायला लागते.

आता तबला. भावा, तुझी गोची तिथंच झालीय. तू तबल्याच्या कानाने ड्रम पकडतोस आणि ड्रम सुटले होते ब्लास्ट बीटवर, म्हणजे स्नेअर ड्रमवर सेकंदाला सहा-सात टोले. तुझा कान समेच्या मागे धावतो, सम काही सापडत नाही आणि दमतो. जरा आठव, विलंबित एकतालात तबलजी मात्रेच्या आत तिरकिट भरतो, तेव्हा आपण तिरकिट मोजत बसतो का? आपण मात्रा धरतो. ब्लास्ट बीट म्हणजे हे भरणाचं तिरकिट समज. मात्रा गिटारमध्ये आहे, जिथं कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा गुच्छ, बदलते तिथं. तसं मोजलंस की तुझ्या लक्षात येईल की वरून इतकं पळणारं हे संगीत आतून फार सावकाश चालतं. मला स्वतःला हे कळायला दोन वर्षं लागली. एका रात्री जनरेटरशेजारी बसून हळू आवाजात ऐकताना अचानक ड्रम 'ऐकू येईनासे' झाले आणि खालून एक संथ, रडवेली चाल वर आली.

माझ्या खोलीखालच्या शॉपमध्ये एक टर्नर आहे. सहा लेथ एकदम चालू असतात. हा माझ्याशी चहा पीत बोलत असतो आणि बोलता बोलता उठून तिसऱ्या मशीनकडे जातो, कारण तिथल्या टूलची धार गेल्याचं त्याने ऐकलेलं असतं. मला सहाही मशीन मिळून एकच घरघर. मी साउंडवाला, बाहेर लोक माझ्या कानाची तारीफ करतात, आणि इथं मी ठार बहिरा. त्याचं म्हणणं असं की आवाज ऐकायचाच नसतो, तो चालू असतो. बदलला की कळतं. ब्लॅक मेटल कसं ऐकावं याचं याहून चांगलं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही, आणि त्या गड्याने आयुष्यात ब्लॅक मेटल ऐकलेलं नाही.

यावर करून बघण्यासारखी गोष्ट म्हणजे नॉर्वेच्या डार्कथ्रोन या बँडचा १९९४ चा 'ट्रान्सिल्व्हेनियन हंगर'. त्यातलं पहिलंच, अल्बमच्या नावाचं गाणं घे. सहा मिनिटांचं आहे. फेनरिझ नावाच्या माणसाने सगळी वाद्यं घरच्या घरी चार ट्रॅकच्या मशीनवर वाजवून भरलीत, आवाज दुसऱ्याचा, नॉक्टर्नो कुल्टोचा. ड्रम जवळजवळ बदलतच नाहीत. पहिल्यांदा नुसतं ऐक. दुसऱ्यांदा गिटारबरोबर तोंड मिटून गुणगुण. तिसऱ्यांदा गाणं बंद करून, आठवेल तेवढं एकट्याने गुणगुण. तिसऱ्या वेळी तुझ्या तोंडून चार-दोन स्वरांची जी ओळ निघेल, तेच ते गाणं. तू शोधत होतास ते.

हा अल्बम प्रयोगशील नाही, मित्र हसेल. हसू दे. प्रयोग कशावर केला ते माहीत नसताना प्रयोग बघून काय कळणार?

मुळात या लोकांनी आवाज असा खरखरीत का ठेवला, तेही समजून घे, नाहीतर पैसे नव्हते म्हणून असेल असं वाटतं. डार्कथ्रोनचा १९९१ चा पहिला अल्बम स्टॉकहोमच्या नावाजलेल्या सनलाइट स्टुडिओत झाला होता, डेथ मेटल या मेटलच्याच दुसऱ्या प्रकारचा, ठाकठीक घासूनपुसून. तो आवाज त्यांनी ठरवून टाकून दिला. बर्झुम या नॉर्वेच्याच एकट्या माणसाच्या बँडच्या 'फिलॉसोफेम' अल्बमची गंमत तर आम्हा रेकॉर्डिंगवाल्यांत अजून सांगितली जाते. १९९३ मध्ये रेकॉर्ड झाला, बाहेर आला १९९६ मध्ये. गायकाने स्टुडिओत असतील त्यातला सगळ्यात वाईट माइक मागितला आणि शेवटी हेडसेटचा माइक वापरला. गिटारही गिटारच्या अ‍ॅम्पमधून नव्हे, भावाच्या घरगुती स्टिरिओच्या अ‍ॅम्पमधून काढली. मी रोज गायकांना चांगला माइक देण्यासाठी भांडतो, आणि हा बाबा उलट मागणी करतो. पण परिणाम ऐक. आवाज माणसाचा न वाटता भिंतीपलीकडून कुणी रेडिओवर बोलतंय असा वाटतो, आणि ती सिंथवरची साधीशी चाल समोर एकटी उरते.

दोष वाट कशी बनतो हे कोल्हापूरकराला वेगळं सांगायला नको. अल्लादिया खाँसाहेबांचा आवाज तरुणपणी एका संस्थानात अति गाऊन बिघडला, आणि त्या बदललेल्या आवाजाला पेलेल अशी पेचदार गायकी त्यांनी घडवली. तीच पुढे शाहू महाराजांच्या दरबारात आली. तुलना मी इथंच सोडतो, देवल क्लबात, आपल्या शास्त्रीय संगीतवाल्यांत, कुणी ऐकलं तर मला चहा मिळायचा बंद होईल.

मात्र प्रत्येक खरखर कलाकाराची नसते, एवढं बघ. २००३-०४ मध्ये मी एका मित्राने सीडीवर भरून दिलेल्या १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीवर हे सगळं ऐकायचो. झांजा पाण्यातून वाजल्यासारख्या यायच्या, सळसळत, घरंगळत. वर्षभर मी लोकांना सांगत होतो की नॉर्वेच्या जंगलातला पाऊस यांनी झांजांत आणलाय. मग मुंबईहून खरी सीडी आली. पाऊस गायब. फाइल लहान करताना आवाजातला जो भाग कानाला जाणवणार नाही असं गणिताला वाटतं तो फेकला जातो, आणि झांजांसारख्या सतत खसखसणाऱ्या आवाजात ते गणित सगळ्यात जास्त चुकतं. तेव्हा हलक्या दर्जाची फाइल किंवा डेटा वाचवायला लावलेलं स्ट्रीमिंग या संगीताला इतर कशाहूनही जास्त मारतं. यातले बरेच बँड बँडकॅम्प या वेबसाइटवर आहेत. तिथं विकत घेतलं की फ्लॅक, म्हणजे काहीही न फेकलेली फाइल मिळते आणि पैसेही बँडपर्यंत पोचतात.

आता तुझ्या यादीकडे, म्हणजे 'प्रयोगा'कडे. इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण आपल्याकडच्या कानाची खरी अडचण इथं आहे.

गिटारच्या डिस्टॉर्शनमध्ये दोन स्वर एकदम वाजवले की ते नुसते दोन राहत नाहीत. त्यांची बेरीज आणि वजाबाकीही आवाज बनून बाहेर येते. समज षड्ज २०० हर्ट्झला आणि पंचम ३०० ला. वजाबाकी १००, म्हणजे खर्जाचा षड्ज. बेरीज ५००, म्हणजे वरच्या सप्तकातला शुद्ध गंधार. वाजवले दोन, ऐकू आले चार, आणि चौघंही एका घरचे. तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून न छेडलेला गंधार निघतो ना, स्वयंभू गंधार? १०० हर्ट्झच्या तारेचा तो पाचपट उपस्वर, म्हणजे तोच ५००. रॉक आणि मेटलवाल्यांनी डिस्टॉर्शनसाठी सा-पची जोडी उगाच नाही धरली. त्यांना आणि आपल्या तंबोऱ्याला एकाच हिशोबाने भरदार वाटतं.

आता तोच षड्ज आणि शेजारी कोमल ऋषभ, २१३ हर्ट्झ. वजाबाकी तेरा. तेरा हर्ट्झ हा स्वर म्हणून कानाला ऐकूच येत नाही, नुसती थरथर जाणवते, मोटरचं माउंटिंग ढिलं झाल्यासारखी. बेरीज ४१३, म्हणजे वरचा षड्ज आणि कोमल ऋषभ यांच्या मध्ये कुठंतरी, कुणाचाच नाही. म्हणून नवशिक्याने डिस्टॉर्शन पूर्ण चढवून असे शेजारचे स्वर एकत्र वाजवले की चिखल होतो.

प्रयोगवाल्यांपैकी मला आवडणारे लोक नेमकं याच चिखलावर काम करतात. नॉर्वेच्या व्हेड ब्युएन्स एंडेने १९९५ मध्ये 'रिटन इन वॉटर्स'मध्ये डिस्टॉर्शन उतरवलं, बेसला स्वतःची चाल दिली, ड्रमवाल्याला जाझसारखं मोकळं सोडलं. त्यामुळे भांडणारे स्वर एकमेकांत कालवले न जाता वेगवेगळे ऐकू येतात. फ्रान्सच्या डेथस्पेल ओमेगाचा २०१० चा 'पॅराक्लेटस' घे. माझ्या कानाला त्याची गिटारही वाटते त्यापेक्षा बरीच स्वच्छ आहे. वेग तोच, पण प्रत्येक कॉर्डमधला बोचणारा स्वर बोट ठेवून दाखवता येतो. पहिल्यांदा ऐकताना जो गोंधळ वाटतो, तो खरं तर फार नीट मांडलेला असतो. भांड्यांचा ढीग कोसळलाय असं वाटतं आणि जवळ जाऊन बघितलं तर प्रत्येक भांडं आपापल्या फळीवर.

पण आपल्याला ते जड का जातं? कारण आपला कान षड्जाला बांधलेला आहे. तानपुरा एकदा लागला की तो हलत नाही. बाकी सगळे स्वर त्याच्यापासून किती लांब, यावर आपण त्यांचा भाव ओळखतो. जुन्या नॉर्वेजियन रेकॉर्डवर बऱ्याचदा एखादा स्वर धरून बसता येतं. डेथस्पेल ओमेगामध्ये तू षड्ज ठरवेपर्यंत तो पायाखालून सरकलेला असतो. हे तू स्वतः तपासू शकतोस. मोबाइलवर तानपुऱ्याचं अ‍ॅप लाव, हळू आवाजात गाणं लाव आणि त्याच्याशी जुळणारा स्वर शोध. कुठं सापडतो, किती वेळ टिकतो, कधी तुटतो. तुटतो ती जागा ऐकायची. माझ्यापुरतं, ही ओढाताण आवडायला लागली तेव्हा हे संगीत आवडायला लागलं.

उलट एका बाबतीत तू तुझ्या मित्रापेक्षा पुढे आहेस. अमेरिकेत ज्यूट गाइट नावाचा एकट्या माणसाचा प्रकल्प आहे. तो सप्तकाचे बाराऐवजी चोवीस सारखे भाग करून, तशी गिटार घेऊन वाजवतो. पियानोच्या दोन पट्ट्यांमधले स्वर. पाश्चात्त्य कानाला ते सरळ बेसूर वाटतात. दरबारीतला उतरलेला, झुलणारा गंधार ज्याने ऐकलाय, त्याला एखादा स्वर पट्ट्यांच्या मध्ये आहे म्हणून धक्का बसत नाही. अर्थात हे चोवीस भाग आणि आपल्या बावीस श्रुती एक नव्हेत. ते भाग सारखे आहेत, श्रुती सारख्या नाहीत, आणि तो त्यातून कॉर्ड बांधतो, जे आपण करत नाही. त्याला लागलीच हात घालू नकोस, पण लक्षात ठेव.

बाकीचं भराभर. फ्रान्सचाच ब्लूट आउस नॉर्ड यंत्रासारखा ताल आणि सुरावरून घसरणारी गिटार वापरतो. २००३ चा 'द वर्क विच ट्रान्सफॉर्म्स गॉड' रात्री ऐक, दिवसा त्याचा काही उपयोग नाही. फिनलंडचे ओरान्सी पाझुझू एकच घाट दहा-दहा मिनिटं फिरवत ठेवतात. भजनात एकच चरण चढत जातो तसा. नव्या माणसाला यादीतलं सगळ्यात लवकर पचेल ते हेच, तेव्हा २०१६ चा 'व्हॅरॅहतेलियॅ' वर घे. स्वीडनच्या अब्रुप्टमने गाणं ही कल्पनाच सोडून दिली, किंकाळ्या आणि आपटाआपट. त्यांचा एक अल्बम मी एकदा पूर्ण ऐकला, दुसऱ्यांदा ऐकणार नाही. यादीत असेल तर खुशाल काट मार. आपल्याकडे मुंबईचा सोलर डीइटी जुन्या नॉर्वेजियन वळणाचा आहे, कोलकात्याचा टेट्राग्रामासाइड निव्वळ आवाजाच्या काठावरचा. कोल्हापुरात मात्र या संगीताचा एकही कार्यक्रम मी पाहिलेला नाही, आणि साउंडवाला म्हणून बोलावणं येईल या आशेवर आता बसलेलोही नाही.

आता आईचं. तिचं म्हणणं उडवून लावू नकोस, कारण ते पूर्ण खोटं नाही. या संगीताला नाव मिळालं ते इंग्लंडच्या व्हेनम या बँडच्या १९८२ च्या 'ब्लॅक मेटल' अल्बमवरून, आणि त्यांचा सैतान बराचसा नाटकी होता. नॉर्वेत पोरांनी तो खरा मानला. जून १९९२ मध्ये बर्गनजवळचं फान्टॉफ्टचं जुनं लाकडी चर्च जाळलं गेलं, पाठोपाठ आणखी चर्चेस पेटली. १० ऑगस्ट १९९३ ला मेहेम या बँडचा गिटारवाला युरोनिमस याचा खून झाला. खून करणारा बर्झुमचा वर्ग विकर्नेस, म्हणजे वर ज्याच्या माइकचं मी कौतुक केलं तोच. त्याला एकवीस वर्षांची शिक्षा झाली, आणि त्याचे वंशवादी विचार त्याने कधी लपवले नाहीत. 'फिलॉसोफेम' मी ऐकतो, माझ्याकडे जुनी सीडी आहे. त्याला नवा रुपया माझ्या खिशातून जात नाही. तू काय करायचंस ते तू ठरव, पण माहीत असून ठरव. या अंडरग्राउंडात उघड नाझी विचारांचे बँडही आहेत. टी-शर्ट घेण्याआधी बँडविषयी दहा मिनिटं वाच, नाहीतर छातीवर काय मिरवतोयस ते दुसऱ्याकडून कळेल.

आईला मी असं सांगेन की काही लोकांनी वाईट केलं, त्यांतले काही तुरुंगात गेले, आणि तीस वर्षांत हे संगीत त्यांच्या हातातून निघून इतरांच्या हातात गेलंय. त्यातल्या अनेकांना सैतानाशी देणंघेणं नाही. आणि मग चोरून ऐकू नकोस. घरी गेलास की 'फिलॉसोफेम' नको, ओरान्सी पाझुझूचं एखादं गाणं हळू आवाजात तिच्यासमोर लाव. तिला आवडणार नाही. पण तू दार लावून काय ऐकतोस, यापेक्षा हे बरं. माझ्या आईने दोन मिनिटं ऐकून विचारलं होतं की याच्या घशाला काय झालंय, आणि मला खडीसाखर देऊ केली होती. त्या घशाचंही सांगून टाकतो: तो आवाज शब्द कळावेत म्हणून नसतोच. त्याला सनईच्या सुरासारखं एक वाद्य समज आणि शब्द शोधणं सोड. निम्मा त्रास तिथंच कमी होईल.

म्हणजे आतापर्यंतचं धरून चाललास तर तुझं काम एवढंच उरतं: यादी बाजूला, आवाज कमी, कान गिटारवर, मात्रा कॉर्डवर. पंधरा दिवस चारच अल्बम. आधी डार्कथ्रोन, मग ओरान्सी पाझुझू, मग व्हेड ब्युएन्स एंडे, आणि तेवढ्यात कंटाळा आला नाही तर 'पॅराक्लेटस'. एका बैठकीत अर्धाच अल्बम. ऐकून झालं की दहा मिनिटं काहीच लावू नकोस, रंकाळ्यावर जाऊन चक्कर मार. चाल डोक्यात असेल तर ती तिथं वर येते.

हेडफोन. इअरबड फेकायची गरज नाही, पण या कामाला वायरचा, कान पूर्ण झाकणारा साधा हेडफोन बरा. दोन-तीन हजारांत चालण्यासारखा मिळतो. मागून बंद असलेला घे, नाहीतर रूममेट पहिल्या दिवशी हाकलेल. 'एक्स्ट्रा बास' लिहिलेला घेऊ नकोस. त्यात नेमकी जी गिटार ऐकायची तीच दबते. दुकानात ट्रायलला द्यायला तयार असतील तर कोणतंही गाणं न लावता आधी एखादी बातम्यांची क्लिप लाव. बाईचा आवाज नाकातून आल्यासारखा किंवा बोचरा वाटला तर तो हेडफोन परत ठेव, कारण त्याच पट्ट्यात तुझी गिटार आहे. आत्ताच्या इअरबडवरच भागवायचं असेल तर फोनच्या इक्वलायझरमध्ये तीन ते चार हजार हर्ट्झच्या आसपास दोन-तीन डेसिबल उतरव. त्याने टोचणं कमी होतं, चाल तशीच राहते.

बसमध्ये मात्र हे लावू नकोस, निदान वर्षभर. आणि पंधरा दिवसांनी इथंच लिही, डार्कथ्रोनच्या त्या सहा मिनिटांच्या गाण्यात गिटारची पहिली ओळ किती वेळा परत येते. मी मोजलेली आहे, पण आकडा सांगत नाही.